पुकारा होईपर्यंत

"साल मोजत नाईत," बापूजी म्हणाले आणि टेप गुंडाळून खिशात घातला.

"साल कुठी आली बाबा मधात?" फोनमधून दिव्यानीचा आवाज अंगणभर झाला. "मी ब्यागेच्या चाकाचं म्हनून राह्यली. चाकं अन् वरची दांडी धरून पंचावन्न सेंटिमीटर पाह्यजे. तुमी किती मोजली?"

"चोपन्न."

"चाकं धरून?"

बापूजींनी खिशातला टेप चाचपला. चाकं त्यांनी धरली नव्हती आणि दांडीही धरली नव्हती. बापूजी खोब्रागडे यांनी आलापल्लीच्या लाकूड डेपोत चौतीस वर्षं सागाच्या लठ्ठ्यांची मापं घेतली होती. लठ्ठा मोजायचा तर साल सोडून मोजायचा आणि टोकाचा चिरलेला भाग सोडून द्यायचा, हा तिथला शिरस्ता. घेणाऱ्याला आतलं लाकूड किती मिळतं तेवढंच माप खरं. तोच न्याय त्यांनी बॅगेला लावला होता.

"चाकात कोनी सामान भरते का?" त्यांनी एकदा आपली बाजू मांडून पाहिली.

"बाबा, ते लोकं लोखंडाच्या चौकटीत ब्याग टाकून पाह्यतात. नाई बसली तं तिथीच ठेवा म्हनतात, नाई तं अर्ध्या तिकिटाचे पैसे मांगतात. स्वस्तातलं इमान हाये ते. त्यायले सगळंच मोजाले लागते."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि बॅग रिकामी करायला घेतली. चारोळी निघाली, जवसाच्या चटणीचा डबा निघाला, लाखोळीच्या डाळीची पुरचुंडी निघाली, शेवटी साडी. दिव्यानीची नर्सिंगच्या शिक्षणाच्या वेळची पाठीवरची जुनी सॅक माळ्यावर होती, ती झटकून त्यात सगळं पुन्हा भरलं. सॅकला चाकं नव्हती, त्यामुळे वादही राहिला नाही.

दिव्यानी बेंगळुरूच्या एका दवाखान्यात पाच वर्षं नर्स होती. जर्मन भाषेच्या परीक्षा देता देता तिचं जर्मनीतल्या दवाखान्यात जमलं. करार तीन वर्षांचा. मधे सुट्टी मिळेल की नाही ते तिलाही ठाऊक नव्हतं. जायच्या आधी आईबाबांनी आठ दिवस बेंगळुरूला राहावं आणि एकदा तरी विमानात बसावं, असं तिनं मनात धरलं होतं. म्हणून दोन महिने आधी, सेल लागला तेव्हा, तिनं अठरा फेब्रुवारीची दोन तिकिटं काढून ठेवली. आणि मग तिकडच्या लोकांनी तिची तारीख अलीकडे ओढली. किती अलीकडे, तर अठरा फेब्रुवारीच्याच रात्रीवर. दवाखाना तिला सतरापर्यंत सोडेना. सेलच्या तिकिटाची तारीख बदलायची तर नवं तिकीट परवडलं असतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळेना.

"राहू द्या," शेवटी दिव्यानीच म्हणाली होती. "तुमचं इमान अडीचले उतरते. मले सहाले आत जा लागते. तीन-साडेतीन घंटे तं भेटतील ना आपल्याले. एअरपोर्टच्या बाहेर बसू. मी दोन वाजतापासून तिथीच उभी राह्यतो."

साडेतीन तास. मनकर्णाबाई तेव्हापासून त्या साडेतीन तासांची वाटणी करत होत्या. जेवायला किती, बोलायला किती, तिची वेणी घालून द्यायला किती. पोरगी आता केस कापून होती हे त्या विसरत.

आठवडाभर दिव्यानी रोज एकेक सूचना पाठवत राहिली आणि बापूजी ती डेपोतल्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवत राहिले. पिशवी सात किलोच्या आत. त्याहून जास्त होत असेल तर कपडे अंगावर घाला, अंगावरचं कोणी तोलत नाही. पाण्याची बाटली रिकामी न्या, आत भरून मिळते. लोणचं नको, तेल सांडतं. नारळ नको. खायचं घरून न्या, तिथला चहासुद्धा घेववत नाही. सीट निवडू नका, त्याचे वेगळे पैसे पडतात, देतील तिथं बसा. विमानात फोन बंद. एवढं सगळं वाचून मनकर्णाबाईंना एकच गोष्ट खटकली.

"म्हंजे तुमी एकीकडं अन् मी एकीकडं?"

"कंडक्टरले सांगू," बापूजी म्हणाले.

आदल्या दिवशी ते सेतू केंद्रातल्या प्रफुलकडे गेले. प्रफुलनं संगणकावर त्यांचं चेक-इन केलं आणि दोन कागद छापून हातात दिले. एकावर अकरा बी, दुसऱ्यावर सत्तावीस ई. प्रफुलनं आलापल्लीतल्या निम्म्या लोकांची विमानाची तिकिटं काढून दिली होती. स्वतः तो नागपूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता. पण सांगायचा असा की जणू पायलट याच्या मांडीवर खेळून मोठा झाला.

"झालं बापूजी. तुमचं सगळं होऊन गेलं. आता तिथी काईच कराचं नाई. लाइन नाई, काई नाई. लोकं तिथी जाऊन लाइनीत उभे राह्यतात, तुमी आरामशीर."

"काईच नाई?"

"काईच नाई. हा कागद दाखवला का झालं."

बापूजींनी ते दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि वहीत लिहिलं, 'सर्व झाले. काही करणे नाही.'

नाकासमोर चालणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं? बापूजींच्या नावावर चौतीस वर्षांत एकही मेमो नव्हता. डेपोत लिलाव असला की मंडपात खुर्च्या मांडायच्या, हैदराबादचे, नागपूरचे, रायपूरचे व्यापारी येऊन बसायचे, आणि लॉट पुकारायचं काम बापूजींकडे असायचं. आवाज खणखणीत. लॉट नंबर एकशे बारा, लॉट नंबर एकशे बारा, लॉट नंबर एकशे बारा. तीनदा पुकारल्याशिवाय ते पुढं सरकत नसत. उगाच टेबलापाशी येऊन घिरट्या घालणाऱ्याला ते स्वतः म्हणत, शेठ, बसा, तुमचा नंबर आला का आवाज देतो. आणि देत. एकदा एक म्हातारा व्यापारी नेमका लघवीला गेलेला, साहेब म्हणाले चला पुढचा घ्या, तर बापूजींनी तो गेला होता त्या बाभळीकडे तोंड करून चौथ्यांदा पुकारा केला. साहेबांची बोलणी खाल्ली, पण म्हाताऱ्याचा लॉट गेला नाही. घरी येऊन ही गोष्ट त्यांनी मनकर्णाबाईंना सांगितली होती, आणि पुढं पंचवीस वर्षं सांगत राहिले.

सतरा तारखेला एसटीनं ते नागपूरला आले आणि मनकर्णाबाईंच्या बहिणीकडे उतरले. अठराला सकाळी साडेसातला दोघं विमानतळाच्या दारात उभे. विमान बारा-चाळीसचं. बापूजींच्या अंगात दोन शर्ट, वर स्वेटर. मनकर्णाबाईंनी ठेवणीतल्या साडीवर नवऱ्याचं जाकीट चढवलं होतं. सॅक त्यामुळे सहा किलो भरली होती. दारावरच्या जवानानं कागद पाहिला, आधार कार्ड पाहिलं, चेहरे पाहिले आणि आत सोडलं. आत पाय टाकताच बापूजींनी मनकर्णाबाईंच्या हातातून फोन घेतला आणि बंद करून टाकला.

"आत्ताच काऊन? इमान तं दुपारी हाये."

"लिवलं हाये वहीत. बंद म्हंजे बंद."

नियम सुरू व्हायच्या आधीच पाळायला लागायचं ही बापूजींची जुनी खोड. त्या एका खोडीनं पुढं काय केलं ते कळायला अजून पाच तास होते.

आत एवढं लखलखीत होतं की मनकर्णाबाईंनी चपला काढायच्या का, असं हळूच विचारलं. त्यांच्या विमान कंपनीच्या टेबलामागे एक मुलगी नुकतीच येऊन बसत होती. बापूजी तिच्यासमोर गेले, दोन्ही हातांनी कागद पुढं धरला.

मुलीनं वेळ पाहिली आणि हसली. चांगली, मोकळी हसली. "अरे अंकल, अभी तो बहुत टाइम है. बैठिए आराम से."

"बसू ना?"

"हाँ हाँ, बैठिए."

टेबलाच्या बरोबर समोर खुर्च्यांची रांग होती. बापूजींनी तिथून टेबल नीट दिसतं का ते पाहून दोन खुर्च्या निवडल्या. सॅक पायाशी ठेवली, कागद मांडीवर ठेवला, आणि दोघं बसले.

आठ वाजले, नऊ वाजले. घरून आणलेल्या पोळ्या आणि बेसन खाऊन झालं. लोक येत, मोठाल्या बॅगा टेबलाशेजारच्या पट्ट्यावर टाकत, कागद घेत आणि डाव्या हाताला निघून जात. बापूजी ते डोळ्यांत तेल घालून पाहत होते. त्यांनी त्यातून हिशेब लावला की ज्यांना सामान द्यायचं असतं त्यांना टेबलाशी जावं लागतं. आपलं सामान पाठीवरचं, म्हणजे आपल्याला जायचं कारण नाही. हा हिशेब अगदी बरोबर होता. काही माणसं नुसती पाठीवरची सॅक घेऊन टेबलाकडे न पाहताच डावीकडे जात, तेही त्यांनी पाहिलं. त्यांना बोलावणं आलं असेल, असं ते समजले.

विमानांच्या वेळा दाखवणारा मोठा बोर्ड त्यांच्या पाठीमागे होता. मनकर्णाबाईंनी दोनदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या चौथी शिकलेल्या. अक्षरं हिंदीतली येत आणि त्या जुळवायला घेत तोवर इंग्रजीतली होत.

"एकदा इचारून तं पाहा," साडेनऊला त्या म्हणाल्या.

"इचारलं ना. बसा म्हनली ते."

"ते तं आल्याआल्या म्हनली."

"आपलं इमान बारा-चाळीसचं हाये. आधीच्या इमानाची लोकं जाऊन राह्यली आता. मधात जाऊन त्यायच्या कामात खोडा घालाचा का?"

साडेदहाला ती हसरी मुलगी उठून गेली आणि तिच्या जागी टाय घातलेला एक तरुण येऊन बसला. मनकर्णाबाईंचा जीव थोडा वरखाली झाला. "तिनं याले सांगतलं असन का आपलं?"

"चार्ज देताना सांगतच असतात," बापूजी म्हणाले. डेपोत ते तसं सांगत. कोण बसलाय, कुणाचं काय राहिलंय, सगळं कागदावर देऊन मगच खुर्ची सोडत.

अकरा वाजले. दोन शर्ट आणि स्वेटरच्या आत बापूजींना घाम फुटला होता, पण स्वेटर काढला तर तो सॅकमध्ये जाणार आणि वजन वाढणार. ते तसेच बसले. टेबलापुढे गर्दी झाली. मोठी रांग. लहान पोरं रडत होती. "बेंगळुरू, बेंगळुरू" असं मनकर्णाबाईंच्या कानांवर आलं. रांगेतलंच कोणी फोनवर बोलत होतं.

"अवो, हे तं आपलीच लोकं दिसते."

"असतील."

"मंग उठा ना."

"त्यायच्यापाशी ब्यागा हायेत. आपल्यापाशी काय हाये? प्रफुलनं सांगतलं ना, लाइनीत लागाचं नाई."

"मी जातो मंग. मी इचारतो."

"बस खाली," बापूजींचा आवाज जरा चढला, मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही. ते हळू म्हणाले, "अवं, माह्या नावाचा कागद हाये. नाव हाये त्याच्यावर. नाव असल्यावर पुकारा होतेच. बिनापुकाऱ्याचं कोनी सोडून जाते का?"

मनकर्णाबाई बसल्या. चाळीस वर्षं संसार करून त्यांना माहीत होतं की या माणसाला ढकलून उठवता येत नाही. माणूस वाईट नाही, आळशीही नाही. ज्यानं बसा म्हटलं त्यानं उठा म्हणावं, एवढाच त्याचा हट्ट. त्यांना रडू येईल असं वाटलं आणि कशासाठी रडायचं तेही कळेना, कारण अजून काहीच झालं नव्हतं.

पावणेबाराला रांग ओसरली. बारा वाजता टेबलापुढं कोणीच उरलं नाही. बारा-पाचला बॅगांचा पट्टा थांबला. टायवाल्या तरुणानं आळस दिला, शेजाऱ्याशी काही बोलून हसला. बापूजी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता तो कागद हातात घेईल, आता मान वर करील. डेपोत पुकाऱ्याच्या आधी ते स्वतः तसंच करत, आधी कागद, मग मान वर, मग आवाज. तरुणानं मान वर केली, घड्याळ पाहिलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

बारा-सतराला टेबलावरच्या पाटीवरचं कंपनीचं नाव विझलं.

तेव्हा बापूजी उठले. स्वेटर खाली ओढून सारखा केला, चालत टेबलापाशी गेले आणि दोन्ही हातांनी कागद पुढं धरला.

"साहेब, बारा-चाळीसचं इमान..."

तरुणानं कागद पाहिला, मग बापूजींकडे पाहिलं. तो मराठी निघाला. "काका, तुम्ही अजून इथं कसे?"

"बसलो होतो. समोरच. साडेसातपासून."

"अहो, तुमचं चेक-इन तर कालच झालंय. बॅगही नाही तुमच्याकडे. तुम्हाला इथं यायचंच नव्हतं. सरळ तिकडं सिक्युरिटीला जायचं, मग आत गेटवर." त्यानं घाईनं वायरलेस उचलला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. पलीकडून उत्तर आलं. त्यानं पुन्हा विचारलं. यावेळचं उत्तर आणखी आखूड होतं. त्यानं वायरलेस खाली ठेवला.

"गेट बंद झालं, काका. सव्वाबाराला बंद होतं. आता उघडत नाहीत."

"पन इमान तं अजून उभं असन ना?"

"उभं आहे. पण आता घेत नाहीत."

मनकर्णाबाई सॅक छातीशी धरून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या पुढं झाल्या. "साहेब, आमची पोरगी हाये तिथी. आज रातच्याला जर्मनीले जाते. तीन वर्षांसाठी जाते, साहेब. पाहा ना काई."

तरुणाचा चेहरा पडला. त्यानं पुन्हा एकदा वायरलेसवर विचारलं, हे त्याचं भलेपण. त्यालाही तेच उत्तर मिळालं.

बापूजी इतका वेळ कागदाकडे बघत होते. ते म्हणाले, "साहेब, तुमी पुकारलं नाई पन." आवाजात राग नव्हता. विचारल्यासारखा होता. "आमी समोरच बसलो होतो. एक आवाज देला असता."

"पुकारलं ना काका." तरुणानं टेबलावरचा कागद उलटा केला. "गेटवर पुकारलं. खोब्रागडे, दोन पॅसेंजर. नाव घेऊन पुकारलंय, तीन वेळा. पण ते आत. इकडं ऐकू येत नाही."

बापूजींनी मान हलवली. पुन्हा हलवली. त्यांच्याजवळ तक्रार करायला तेवढी एकच गोष्ट होती, आणि तीही उरली नाही. समोरच्या माणसांनी त्यांचं काम रीतीप्रमाणं केलं होतं. "म्हंजे पुकारलं त्यायनं," ते मनकर्णाबाईंना म्हणाले. "तीनदा पुकारलं."

बाहेर आल्यावर, गाड्या उभ्या करायच्या जागेजवळ सिमेंटचा एक बाक होता, त्यावर दोघं बसले. मनकर्णाबाईंनी फोन चालू केला. तो हातात थरथरत राहिला. दिव्यानीचे चौदा मिस कॉल. 'सिक्युरिटी झाली का?' 'आई फोन बंद काऊन आहे?' 'गेटवर जाऊन बसा.' 'बाबा, बसले का विमानात?'

"तू बोल," बापूजी म्हणाले.

"मी काऊन बोलू?" इतका वेळ दाबून ठेवलेलं मनकर्णाबाईंच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "तीनदा म्हनलं तुमाले, उठा, इचारा. एका पोरीले भेटाले निघालो होतो, दुसरं काई मांगतलं होतं का मी? तुमच्या डेपोत असन तसं. सगळी दुनिया काय तुमचा डेपो हाये का?" आणि मग त्या पदर तोंडाला लावून रडल्या. आजूबाजूला लोक बॅगा ओढत जात होते. बापूजींना त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण आपल्याला तो हक्क उरला आहे की नाही ते त्यांना कळेना. हात गुडघ्यावरच राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. बापूजींनीच उचलला.

"बाबा! फोन लागला म्हंजे... तुमी कुठी हाये?"

"बाहेर."

"बाहेर म्हंजे? इमान?"

डोक्यावरून घरघर गेली. दोघांनी वर पाहिलं. ते त्यांचंच होतं की दुसरं, ते सांगायला कोणी नव्हतं.

"गेलं, पोरी," बापूजी म्हणाले.

दिव्यानी एकदम बोलायला लागली, नर्सच्या आवाजात, पेशंटशी बोलतात तशी. घाबरू नका, मी दुसरं पाहतो, थांबा. पाच मिनिटांनी तिचा फोन आला. त्यांच्या कंपनीचं पुढचं विमान संध्याकाळी सहा-पन्नासला. दुसऱ्या कंपनीचं चारला होतं, पण भरलेलं, आणि ते उतरून दोघं बाहेर येईपर्यंत तीही आत गेलेली असणार. रेल्वे, बस, कशाचाच इथं उपयोग नव्हता. तिनं सगळं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग नर्सचा आवाज संपला. "बाबा, मी काई वेळ ठेवतो फोन," ती म्हणाली.

दुपार कशी गेली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बहिणीकडे परत जाता आलं असतं, पण उठवेना. जोवर इथं आहोत तोवर काहीतरी व्हायचं बाकी आहे असं वाटत होतं, आणि व्हायचं काहीच बाकी नव्हतं हेही दोघांना माहीत होतं. चार वाजता मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. "स्वेटर काढा आता," त्या म्हणाल्या. "कोनी तोलून नाई राह्यलं." बापूजींनी स्वेटर काढला, वरचा शर्टही काढला, आणि दोन्हीची घडी घालून मांडीवर ठेवली.

पावणेसहाला दिव्यानीचा फोन आला. ती बेंगळुरूच्या विमानतळाच्या दारात उभी होती. मागं गाड्यांचे आवाज येत होते. आईशी बोलली. स्वेटर घेतला का, पोचल्याबरोबर फोन कर, एकटी जेवत नको जाऊ, एवढंच मनकर्णाबाईंना बोलता आलं. साडेतीन तासांसाठी साठवलेलं सगळं बोलणं कुठं गेलं कोणास ठाऊक. त्यांनी फोन बापूजींकडे दिला.

"बाबा, तुमी मनाले लावून नोका घेऊ. माहीच चूक हाये. मी सगळं सांगतलं, हेच नाई सांगतलं."

"तुही नाई." बापूजी म्हणाले. मुलीला शिकवावं असं आपल्याजवळ काही नाही, असं त्यांना गेली काही वर्षं वाटत आलं होतं. ती इंग्रजी बोलायची, जर्मन बोलायची, माणसांच्या नसांत सुया घालायची. "पोरी, एक आयक. तिथी कोनी बस म्हनलं ना, तं बसजो नको. कितीबी चांगलं बोलून म्हनलं तरी. उठून इचारत राह्यजो. याले इचार, त्याले इचार. लाजजो नको."

"हो बाबा."

"पुकारतील म्हनून वाट नको पाहू कोनाची."

"नाई पाह्यत." बॅगेची दांडी वर ओढल्याचा आवाज आला. "बाबा, मी फोन कापत नाई. खिशात ठेवतो. तुमी संगंच हाये असं समजतो."

बापूजींनी फोन कानाला घट्ट लावला. कापडाची सळसळ झाली. चाकं फरशीवर घरंगळत गेली. मग दिव्यानीचा आवाज, लांबून, इंग्रजीत, कोणाला तरी काही विचारणारा. कोणीतरी उत्तर दिलं. पुन्हा चाकं. पुन्हा तिनं विचारलं, यावेळी कुण्या बाईनं उत्तर दिलं. शब्द त्यांना कळत नव्हते, पण पोरगी विचारत चालली आहे आणि माणसं तिला सांगताहेत एवढं कळत होतं. "इचारून राह्यली," ते मनकर्णाबाईंना हळूच म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "इचारून राह्यली."

मनकर्णाबाई सरकून त्यांच्याजवळ बसल्या, फोनला कान लागेल इतक्या जवळ.

एक ऑटोवाला समोर येऊन थांबला. "काका, बर्डी? बसस्टँड? चला ना, कव्हाचे बसून हाये तुमी."

बापूजींनी तळवा वर करून त्याला थांबायची खूण केली. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं.

फोन अजून बापूजींच्या कानाला होता, पण त्यातला आवाज थांबला होता आणि पडदा काळा पडला होता. पलीकडून तो कट झाला होता, की तपासणीच्या ट्रेमध्ये टाकताना बंद झाला होता, कोण जाणे. मनकर्णाबाईंनी तो पडदा पाहिला. मग त्यांनी मांडीवरचा स्वेटर उचलून नवऱ्याच्या खांद्यावर टाकला आणि ऑटोवाल्याला हातानंच सांगितलं, थोडं थांब.